हात न लावता दिलेलं औषध घातकच असतं का?

‘रुग्णाला हात न लावता दिलेलं औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. व्हिडिओवर डॉक्टर दाखवणं हे करोनाच्या काळात कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. म्हाताऱ्या माणसांना तर यात लुबाडलंच जातं.’ अशा अर्थाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यामागची काळजी मला समजते. पण तो वाचून कुणी फोनवरचा नियमित फॉलोअप सोडून दिला, तर नुकसान त्याचंच होणार आहे.

करोनातलं खूळ? नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइन्टहोवेन या शास्त्रज्ञाने १९०५ च्या सुमारास रुग्णालयातल्या रुग्णांचे ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतले होते. करोनाने ही सोय घरोघरी नेली, एवढंच.

आता मुख्य मुद्दा, हात लावण्याचा. पोटात कळ येत असेल तर पोट दाबूनच पाहावं लागतं. कान ठणकत असेल तर कानात डोकवावं लागतं. छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक तोंड वाकडं होणं, तान्ह्या बाळाचा ताप, यांत व्हिडिओ कॉलची वाट बघत बसूच नये, थेट रुग्णालय गाठावं. इथपर्यंत तो मजकूर बरोबर आहे. पण म्हणून प्रत्येक निदान हातानेच होतं, असं नाही. १९७५ साली ब्रिटनमध्ये बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा आलेल्या ८० जणांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत, आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकून केलेलं निदानच शेवटी कायम राहिलं. हकीकत फोनवरही नीट ऐकता येते, फक्त ऐकणाऱ्याने घाई करता कामा नये.

शिवाय काही आजारांत दवाखान्यातली तपासणीच फसवी ठरते. बीपीचंच घ्या. जिना चढून, रांगेत ताटकळून, डॉक्टरांसमोर बसताच कित्येकांचं बीपी वाढतं. तेच घरी पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, उघड्या दंडावर पट्टा बांधून, हात छातीच्या उंचीवर टेकवून मोजलं तर आकडा जास्त भरवशाचा येतो. सकाळ-संध्याकाळ, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि आकडे डॉक्टरांना पाठवायचे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश चाचणीत अशा घरच्या आकड्यांवरून ज्यांच्या गोळ्या ठरवल्या, त्यांचं बीपी वर्षभरानंतर दवाखान्यातल्या आकड्यांवर चालणाऱ्यांपेक्षा कमी होतं. मग दगड अंधारात कुणी मारला?

म्हाताऱ्या माणसांबद्दलचा मुद्दा मला सर्वात जास्त खटकतो. गुडघे धरलेल्या माणसाला निव्वळ जुनी चिठ्ठी पुढे चालू ठेवायला चार तास घराबाहेर काढणं, यात कसली आपुलकी? ॲप उघडणं त्यांना जड जातं, हे खरं. अशा वेळी मुलीने, सुनेने, शेजाऱ्याने शेजारी बसावं, औषधांची सगळी पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरावीत. एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी चालू असल्याचं अशा वेळी लक्षात येऊ शकतं.

लुबाडणूक होते का? होते. दोन मिनिटांत ॲन्टिबायोटिक लिहून मोकळे होणारे ऑनलाइन भेटतात, तसे प्रत्यक्षातही भेटतात. त्यामुळे डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. ॲलर्जी, चालू औषधं, मूत्रपिंडाचा त्रास यांबद्दल त्यांनी विचारलं का, हे बघा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका, सावळ्या त्वचेवर तो कधी कधी असतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघा. आणि कॉलवरचे डॉक्टर ‘हे इथून ठरवता येणार नाही, आजच्या आज येऊन दाखवा’ म्हणाले, तर फी वाया गेली असं समजू नका. त्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं.