'एआय चुकलं तर कोणीच जबाबदार नाही' हे साफ खोटं आहे

"एआयच्या निर्णयाला कंपनी जबाबदार नसते, अमेरिकेत मोकळं रान आहे, युरोपात दंडाचे ७ टक्के ग्राहकाला मिळतात, भारतात कायदाच नाही." हा मेसेज वाचून माझ्या मावशीने कर्ज नाकारलं गेल्यावर बँकेला साधं कारणही विचारलं नाही. आता पुरे झालं.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला. चॅटबॉट स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार, असा पवित्रा एअर कॅनडा या विमान कंपनीने खरोखर घेतला होता. आजी वारलेल्या प्रवाशाला त्यांच्या चॅटबॉटने सांगितलं, आत्ता तिकीट काढा, ९० दिवसांत जवळचं माणूस गेल्यावर मिळणाऱ्या सवलतीचा अर्ज करा. कंपनीच्या नियमात प्रवास झाल्यावर ही सवलत मिळतच नव्हती. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा बचाव फेटाळला. चॅटबॉट वेबसाइटचाच भाग आहे आणि तिथल्या सगळ्या माहितीची जबाबदारी कंपनीचीच, असं ठरलं. सुमारे ६५० कॅनेडियन डॉलर भरपाई, वर व्याज आणि फी. त्यासाठी एआयचा वेगळा कायदा लागला नाही, निष्काळजीपणे चुकीची माहिती देण्याबद्दलचं जुनंच तत्त्व पुरलं.

अमेरिकेतही तेच. वय पाहून नोकरीचे अर्ज आपोआप नाकारणाऱ्या सॉफ्टवेअरपायी आयट्यूटरग्रुप या ऑनलाइन शिकवणी कंपनीने २०२३ मध्ये ३,६५,००० डॉलर मोजले, तेही १९६७ च्या वयभेदविरोधी कायद्याखाली.

युरोपातला दंड ग्राहकाच्या खिशात जात नाही. युरोपीय संघाच्या एआय कायद्यातली कंपनीच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या ७ टक्के किंवा साडेतीन कोटी युरो, यांतलं जे जास्त ते, ही कमाल मर्यादा फक्त बंदी घातलेल्या वापरांसाठी आहे. एआयच्या नुकसानभरपाईचा वेगळा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२५ मध्ये मागे घेतला, हे मात्र नाइलाजाने मान्य.

भारतात स्वतंत्र एआय कायदा नाही, हेही खरं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज नाकारल्याचं मुख्य कारण बँकेने लेखी द्यायचं असतं. "सिस्टिमने नाकारलं" हे कारण होत नाही. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाकारण्याचं कारण क्रेडिट स्कोअर असेल तर सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपनीकडून अहवाल मागवा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर दुरुस्तीची तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे रोज १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे "कर्ज द्या" म्हणून जाऊ नका, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. लेखी कारण दिलं नाही, ही तक्रार करा.