झेपेल तेवढंच बघा म्हणे!

परवा रात्री आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांनी चौकात डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड, लावलं. ‘यंदा कप आपल्या पेठेत.’ एवढंच. कुणाचा वाढदिवस नाही, कुणा नेत्याचा फोटो नाही, खाली शुभेच्छुकांची रांग नाही. कोल्हापुरात बिनफोटोचं डिजिटल लागलं हीच खरं तर बातमी व्हायला पाहिजे होती. पण आज सकाळी उद्यमनगरात चहाच्या गाडीवर उभा होतो, तर एका ओळखीच्या गृहस्थांनी त्याच डिजिटलचा फोटो मोबाईलवर माझ्यापुढं धरला. खाली लोकांनी हसून लोळणारी तोंडं टाकलेली. म्हणाले, “मालक, पोरं गुणी आहेत हो तुमची. पण माणसानं झेपेल तेवढंच बघावं.”

चहाचे पैसे दिले आणि शेडवर आलो. दिवसभर मशीन चालू आणि डोकंही चालू. म्हणून आता लिहायला बसलोय. लांबण लागणार आहे. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढं सरका.

हसले त्याचा राग नाही. टिंगल सोसायची तयारी नसेल तर माणसानं कोल्हापुरात फुटबॉलच्या नादाला लागूच नये. राग आला तो त्या पाठीवरून हात फिरवण्याचा. आम्ही तीन गोल खाऊन बाहेर पडलो की हीच मंडळी गॅलरीतून उतरताना सांगतात, पोरं चांगली लढली हो, जिद्द आहे. आम्ही हरतोय तोवर सगळ्या गावाचे लाडके. स्पर्धेचा ड्रॉ भरायला आम्ही पाहिजे. पहिल्या फेरीत यांच्या स्टार लोकांना गोल मारून घ्यायला आम्ही पाहिजे. आणि त्याच पोरांनी तोंडानं कप म्हटलं की माज आला?

फायनल म्हटली की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी, बालगोपाल ही गावातल्या मोठ्या संघांची नावं निघतातच आणि ती उगाच निघत नाहीत. पिढ्या घातल्यात त्यांनी शाहू स्टेडियमवर. हे मला मान्य आहे. एकदाच मान्य करतोय, परत परत वदवून घेऊ नका.

आता मी परत आमच्या जुन्या गोलकीपरची गोष्ट सांगणार आहे. ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकली आहे त्यांनी परत ऐकायची.

हा पोरगा माझ्याच शेडमध्ये लेथवर होता. नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे. पहाटे गांधी मैदानावर सराव, मैदानाचं तळं झालं असेल तर मिळेल त्या जागेवर, आणि तिथून थेट कामावर. बोटं कायम चिरलेली, नखांत काळं तेल. मॅचच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निघायचा आणि मॅच संपली की राहिलेला जॉब पुरा करायला परत यायचा. मी सांगायचो, उद्या कर रे, घरी जा. ऐकायचा नाही. एका सीझनला पठ्ठ्या असा काही खेळला की लीग संपायच्या आतच आमच्या शेडसमोर एक चारचाकी येऊन थांबली. दोघं उतरले. एका मोठ्या तालमीचे. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. त्यांचं बोलून झाल्यावर पोरगं माझ्याकडं आलं, म्हणालं, “मामा, काय करू?” आकडा ऐकला. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. मी म्हटलं, “जा.”

पुढच्या सीझनला आमची गाठ नेमकी त्यांच्याशीच. आम्ही एका गोलनं मागं, मॅच संपत आलेली, आणि आम्हाला पेनल्टी. आमच्या कॅप्टननं मारली, ह्यानं डावीकडं झेप घेऊन अडवली. संपलं. रात्री हा सवयीनं तालमीच्या कट्ट्यावर आला. कुणी बोलेना. शेवटी कॅप्टनच म्हणाला, “तिकडंच मारणार हे तुला कसं कळलं रे?” तर हा म्हणतो, “इतकी वर्षं सरावात तुझ्याच तर अडवत होतो.”

कट्टा हसला. मी पण हसलो. पण घरी जाताना मला उमगलं की त्या चारचाकीतल्या दोघांनी एका सहीवर आमचा सगळा सरावच उचलून नेला होता. त्याला घडवला आमच्या पोरांनी, रोज पहाटे, फुकट. आणि तीच घडण आमच्याविरुद्ध उभी केली. त्या पोराबद्दल माझ्या मनात आजही काही नाही. लग्न चांगलं झालं, पंगतीला मी वाढायला होतो.

म्हणून मला कुणी ‘झेपेल तेवढं’ म्हटलं की मस्तक फिरतं. झेपायला लागलं की तुम्हीच येऊन घेऊन जाता की राव! खालून पोरगा वर आला की तो तुमचा, आणि आम्ही परत शून्यापासून सुरू करायचं, वर तुम्ही आम्हाला ऐपत शिकवणार.

आता यंदाचं सांगतो. मंडळानं विसर्जन मिरवणुकीला डॉल्बी लावली नाही. त्याच्यावरून घराघरांत काय भांडणं झाली ते आमचं आम्हाला माहीत. ते पैसे फुटबॉलला ठेवले. वर्गणी वेगळी काढली. त्यातून लायसन्स असलेला कोच आणलाय आणि बाहेरचे दोन खेळाडू आणायचं चाललंय. तर लगेच चहाच्या गाडीवर ऐकायला मिळालं, “मग आता तुमच्यात आणि आमच्यात फरक काय राहिला?”

बरं. मुद्दा अगदीच खोटा नाही. आम्ही पण शेवटी बाहेरूनच आणतोय. पण तुम्ही गोव्यातून, मुंबईतून, पार आफ्रिकेतून खेळाडू आणता तेव्हा ते नियोजन असतं, आणि आम्ही दोन आणले की अंथरूण-पाय आठवतात? (त्या परदेशी पोरांवर माझा काडीचा राग नाही. घरदार सोडून पोटासाठी एवढ्या लांब येऊन, तिखट रस्सा पचवून आपल्या गावासाठी खेळतात, त्यांना गॅलरीतून घाण बोलणाऱ्यांना मी आमच्या पेठेतले असले तरी सोडत नाही.)

आणि गंमत सांगू? हेच गृहस्थ २०१६ मध्ये लेस्टर सिटी हा छोटा क्लब इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकला तेव्हा रात्री दोन-दोन वाजता स्टेटस टाकत होते. छोट्यांचा विजय, स्वप्नं बघा, वगैरे वगैरे. सीझनच्या सुरुवातीला बुकी लोकांनी ज्या संघाला एकास पाच हजार भाव दिला होता, त्याच्यासाठी यांचे डोळे पाणावले. तो त्यांचा स्ट्रायकर जेमी वार्डी, उंची कमी म्हणून शेफील्ड वेन्स्डे क्लबनं लहानपणी काढून टाकलेला, आठवड्याला ३० पौंडांवर खालच्या लीगमध्ये खेळायचा आणि पोटासाठी कारखान्यात हातापायाच्या पट्ट्या बनवायचा, मोडलेल्या हाडाला बांधतात त्या. त्याचं यांना केवढं कौतुक! अहो, उद्यमनगरात लेथवरून मॅचला जाणारा पोरगा तुमच्या चहाच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर होता. तो नाही दिसला. विलायतेतला कामगार दिसला.

हो, लेस्टरचा मालक थायलंडचा अब्जाधीश होता, माहीत आहे मला. आणि तोच संघ २०२३ ला खालच्या लीगमध्ये गेला, परत वर आला, २०२५ ला परत खाली गेला, हेही माहीत आहे. कमेंटमध्ये कुणीतरी टाकणारच होतं, म्हणून मीच टाकलं. पण तो कप त्यांच्या कपाटातून कुणी काढून नेला का?

इंग्लंड लांबचं वाटत असेल तर ऐझॉल घ्या. मिझोराममधला क्लब. २०१५-१६ ला आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मोठ्या लीगमधून, खाली गेलेला, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत आत घेतलेला. आणि पुढच्याच सीझनला चॅम्पियन! शेवटच्या मॅचमध्ये एक पॉइंट पाहिजे होता, शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी करून तो काढला. कोलकात्याचं बडं मोहन बागान एका पॉइंटनं मागं राहिलं. मोहन बागान, म्हणजे काय ते फुटबॉलवाल्यांना सांगायला नको. कोच खालिद जमील, जो पुढं २०२५ मध्ये भारताचा कोच झाला. त्या पोरांना कुणी आधी म्हटलं नसेल का, झेपेल तेवढं बघा म्हणून?

आणि मग काय झालं तेही सांगतो, कारण आमच्या कीपरसारखंच झालं. कोच कोलकात्याच्याच ईस्ट बंगाल क्लबला गेला. चांगले खेळाडू इकडंतिकडं पांगले. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, तेव्हा पैसे भरणाऱ्या क्लबांची, खालून जिंकून वर जायची सोयच नव्हती तिथं. देशाचा चॅम्पियन दाराबाहेर! फरक एवढाच की आपल्याकडं चारचाकी शेडसमोर येते, तिथं विमानाचं तिकीट आलं असेल.

लिहिता लिहिता राग जरा उतरला म्हणून हेही लिहितो. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी आपली आपली सुपर लीग काढली होती. बहुतेक जागा कायमच्या यांच्याच, खाली जायची भीती नाही. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब बाहेर पडले. रस्त्यावर कोण उतरलं होतं? चेल्सीच्या मैदानाबाहेर चेल्सीचीच माणसं होती. म्हणजे मोठ्या क्लबचा सपोर्टर असला तरी माणसाला कळतं की खालच्याला वर यायची वाटच नसेल तर आपल्या कपालाही चव नाही. मोठ्या तालमींच्या गॅलरीत माझे सख्खे मित्र बसतात, त्यांना हे कळतं. एकानं आजच गुपचूप वर्गणी पाठवली आहे आणि नाव लावू नको म्हणालाय. भावा, लावत नाही. पण गेल्या वर्षीच्या उपांत्यपूर्व फेरीत तुमचा तो गोल ऑफसाइडच होता.

आमचंही सगळं सोन्याचं नाही. दुसऱ्या हाफमध्ये आमचा दम जातो. गेल्या सीझनला गॅलरीत आमच्या काही पोरांनी राडा केला, मॅच थांबली, ते शोभलं नाही. त्यांची नावं सेक्रेटरींकडं आहेत, यंदा त्यांनी घरी बसून स्कोअर विचारायचा.

पण कप मागायचा. मागायचाच. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. एवढं इथल्या मातीत होतं, आणि आम्ही उपांत्यपूर्व फेरीवर समाधानी राहायचं? का तर कुणाच्या तरी चहाची मजा जाते म्हणून?

तर, मंगळवारी रात्री साडेनऊला तालमीत बैठक आहे. विषय दोन. एक, जर्सीवर कुणाचं नाव घालायचं. एका बिल्डरचा निरोप आलाय, पैसे बरे आहेत, पण त्याला छातीवर स्वतःचा फोटो पाहिजे. माझं मत नाही असं आहे. सेक्रेटरींचं मत पैसे मोजून बघू असं आहे. भांडण होणार, वेळेवर या. दोन, नवा कीपर. उंच पोरगा आहे, अकरावीत आहे, घरचे पाठवायला तयार नाहीत. त्याच्या वडिलांना भेटायला मी आणि कॅप्टन रविवारी जाणार आहोत. अभ्यासाचं, क्लासच्या फीचं काय ते आम्ही बघतो असं सांगणार आहोत, आणि हे खिशातून निघणार आहे, त्यामुळं वर्गणीची पावती ज्यांनी अजून फाडली नाही त्यांनी लाजू नये. आणि कॅप्टन, हे वाचत असशील तर पेनल्टी यंदापासून उजवीकडं मार, लेका.