‘विद्यापीठांचं संशोधन कागदावरच’ म्हणणाऱ्यांसाठी

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हवामान बदललं, पण कृषी विद्यापीठांनी नुसते कागद रंगवले. शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही. त्यापेक्षा गावरान वाणं बरी होती. आता विद्यापीठाला कुत्रं विचारत नाही.’

‘हाती काहीच नाही’? मराठवाड्यात हलक्या-मध्यम रानात तूर घेणाऱ्याला बीडीएन 711 बद्दल विचारा. परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचं हे वाण साधारण 150 ते 160 दिवसांत काढणीला येतं. परतीचा पाऊस लवकर आटोपला की डिसेंबरात अशा रानातली ओल संपते, आणि उशिराच्या तुरीच्या शेंगा नेमक्या तेव्हाच भरायच्या असतात. 711 तोवर मोकळी झालेली असते.

तीच गोष्ट बीबीएफची, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरण्याची. पद्धत मूळची हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची, पण सोयाबीनसाठी तिची शिफारस परभणी-अकोल्याच्या विद्यापीठांनी लावून धरली. रुंद वरंब्यावर तीन-चार ओळी, दोन्ही अंगांना सरी. पावसाने दडी मारली तर सरीत मुरलेलं पाणी पिकाला आठवडाभर तरी धीर देतं. एका रात्रीत धो-धो कोसळला तर जादा पाणी सरीतून निघून जातं, मुळं सडत नाहीत. खंड आणि अतिवृष्टी एकाच हंगामात सोसायची, तर याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. कोकणात खाडीकाठच्या खाऱ्या रानांत पनवेलच्या खारभूमी केंद्राची भाताची वाणं आहेत, तीही कागदावर उगवत नाहीत.

‘गावरानच बरं.’ ज्या मालदांडीच्या भाकरीसाठी जीव टाकता, ती ‘मालदांडी 35-1’ ज्वारी मोहोळच्या सरकारी संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतूनच निवडून काढलेली. आज ते केंद्र ज्याच्याकडे आहे ते राहुरीचं कृषी विद्यापीठ तेव्हा जन्मायचं होतं, ते 1968 चं. गावरान आणि संशोधन ही भांडणं लावणाऱ्यांनी लावलेली आहेत.

आणि ‘कुणी विचारत नाही’ म्हणे! 18 मे, परभणी विद्यापीठाचा वर्धापनदिन. तिथल्या खरीप मेळाव्यात बियाण्याच्या पिशव्यांसाठी लागणारी रांग एकदा बघून या. तक्रार करायचीच तर इथे करा: पिशव्या पुरत नाहीत. बरेच जण रिकाम्या हाताने परततात आणि मग दुकानदार देईल ते पेरतात. विद्यापीठातल्या रिकाम्या जागा भरा, बीजोत्पादनाला पैसे द्या, हे मागायला मी तुमच्यासोबत आहे. तो मेसेज मात्र पुढे पाठवणार नाही.