टाइम ट्रॅकर बसवलात ना, मग सेटिंग अशी करा

कामाचे तास नोंदवणाऱ्या या ॲपचं लॉगिनचं पान उघडलं ना? अभिनंदन, अवघड काम संपलं. उरलंय फक्त कॉन्फिगरेशन, म्हणजे जे येईल त्याला नेक्स्ट.

ॲडमिनचा डिफॉल्ट पासवर्ड बदलू नका, तो डॉक्युमेंटेशनमध्येच छापलेला असतो, उद्या विसरलात तर लगेच सापडेल, तुम्हालाही आणि जगातल्या कुणालाही. इन्स्टॉलचा फोल्डर उडवा म्हणून वर लाल पट्टी येत राहील, तिची डोळ्यांना सवय होते. लॉग लिहिता येत नाही असा एरर आला तर अख्ख्या फोल्डरला 777, म्हणजे कुणीही वाचा, लिहा, चालवा अशी मोकळीक, देऊन टाका, परमिशनचा विचार करत बसायला तुम्ही काय सिक्युरिटीवाले आहात?

आता टाइमझोन, खरी मजा इथेच आहे. पीएचपीचा (ॲप ज्या भाषेत लिहिलंय तिचा) एक, डेटाबेसचा दुसरा, युजरच्या प्रोफाइलमधला तिसरा, तिघांना एकमेकांशी बोलू देऊ नका. सगळं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठवायचं आणि दाखवताना युजरच्या वेळेत बदलायचं ही पद्धत फारच सरळ आहे, आपल्याला नको, आपण लोकल वेळच साठवू, मग जिथे उन्हाळा संपला की घड्याळ तासभर मागे घेतात तिथला रात्रपाळीवाला 1:50 ला टायमर चालू करेल, वीस मिनिटांनी, मागे आलेल्या घड्याळाच्या 1:10 ला बंद करेल आणि रिपोर्टात दिसेल उणे चाळीस मिनिटं. म्हणजे माणूस राबला, वर कंपनीलाच देणं लागला.

राउंडिंग पंधरा मिनिटांचं ठेवा, सुरुवात मागे आणि शेवट पुढे. 10:14 ते 10:16 दोन मिनिटांचा फोन झाला की नोंद 10:00 ते 10:30. बिल ॲपने फुगवलं, तुमचे हात स्वच्छ.

विसरलेला टायमर आपोआप थांबवायची सोय असेल तर ती बंदच करा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला चालू राहिलेला सोमवारी सकाळी नऊला सापडला की एकाच बगवर 63 तास, एवढा कष्टाळू माणूस शोधून मिळणार नाही (त्याला प्रमोशन द्या, निदान रिपोर्ट तरी तसंच म्हणतोय).

ॲक्टिव्हिटीच्या यादीत मीटिंग, मिटींग, कॉल, चर्चा, कॉलवर चर्चा हे सगळं वेगवेगळं हवं. लोक शेवटी 'इतर'च निवडतात तो भाग वेगळा. वर्णन कंपल्सरी करा, सगळे एक टिंब टाकतील.

मेलची सेटिंग अर्धवट सोडा आणि रिमाइंडरचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मात्र दर मिनिटाला लावा, वेळेच्या जागी पाच तारे टाकले की झालं, दिसतंही फाइव्ह स्टार. एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणारा सर्व्हर, कधीतरी सुरू झालाच तर रांगेतली सगळी मेलं एकदम सुटतील आणि लोक पहिला फिल्टर तुमच्याच नावाचा लावतील.

तरीही कुणी रोज नोंद करणार नाही हे धरून चाला. महिन्याच्या शेवटच्या रात्री सगळे एकदम बसून आठवेल तसे रोजचे आठ तास भरणार, काहीजण रविवारीसुद्धा. त्याच रात्री बाराला मागच्या नोंदी लॉक होतील असं कळवा. कुठल्या टाइमझोनचे बारा ते कळवू नका.