पत्र्याला शिस्त कशी लावावी

घरावर स्टँडिंग सीम पत्र्याचे छप्पर घालायचे आपण ठरवले असेल, तर एक धोका आधीच सांगून ठेवणे कर्तव्य आहे: हे छप्पर नीट बसवले गेले तर कित्येक दशके गळत नाही. त्याची रचनाच तशी आहे. लगतच्या दोन पत्र्यांच्या कडा सहसा २५ ते ५० मिलिमीटर उंच उभ्या केलेल्या असतात, त्या एकमेकींत खटक्याने अडकवतात किंवा यंत्राने दुमडून घेतात, आणि पत्र्याला खालच्या फळ्यांशी बांधून ठेवणाऱ्या क्लिपा व त्यांचे स्क्रू त्या शिवणीच्या पोटात दडलेले राहतात. पाणी वाहते त्या सपाट भागात एकही भोक नसते. इतक्या निर्दोष व्यवस्थेत घरमालकाला तक्रार करायला आणि कारागिराला पुन्हा यायला काही निमित्तच उरत नाही, आणि ही उणीव भरून काढण्यासाठीच पुढील सूचना आहेत. उत्पादकाची पुस्तिका सोबत आली असेल तर तिची गुंडाळी करून शिडीच्या डगमगत्या पायाखाली सारावी. तेवढा उपयोग तिचा निश्चित होतो.

सुरुवात पत्र्याच्या स्वभावापासून करू. पत्रा उन्हाने वाढतो आणि रात्रीच्या गारव्याने आखडतो. तापमानात ५० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर १० मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे ६ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमचा सुमारे १२ मिलिमीटर लांबतो, आणि गडद रंगाच्या छपरावर पहाट ते दुपार एवढा फरक पडायला काही आक्रीत घडावे लागत नाही. हा चंचलपणा खपवून घेण्यासाठी जाणकार मंडळी पत्र्याला एकाच ठिकाणी, बहुधा आढ्यापाशी, पक्के करतात आणि उरलेल्या लांबीत सरकत्या क्लिपा लावून त्याला वळचणीच्या दिशेने मोकळे सोडतात. याला लाड म्हणतात. आपण पत्रा आढ्याशी स्क्रूंनी आणि वळचणीशी रिव्हेटांनी, असा दोन्हीकडून जखडावा. मधल्या क्लिपा सरकत असतील तर त्यांच्याजवळ पत्र्यातून आरपार एकेक स्क्रू मारून त्यांची खोड मोडावी. वळचणीला पत्र्याचे टोक खालच्या पट्टीभोवती वळवताना आत थोडी जागा सोडायची असते, ती हातोडीने ठोकून बंद करावी. हवेचा पाइप छपरातून वर काढायचा झाला, तर तो सपाट भागाच्या मधोमध न काढता नेमका शिवणीवर काढावा, म्हणजे एका घावात दोन पत्रे जायबंदी होतात.

जखडलेला पत्रा वाढायचा थांबत नाही, हा पदार्थविज्ञानाचा हट्टीपणा आहे. पुढे सरकता येत नाही म्हणून तो वर फुगतो आणि तिरप्या उन्हात सपाट भागावर लाटा दिसू लागतात. अर्थात रुंद आणि पातळ पत्र्यावर अशा लाटा एरवीही उमटतात, त्या बहुधा नुसत्या डोळ्यांना खुपतात आणि त्यांनी छप्पर गळत नाही. तेव्हा एवढ्यावर समाधान मानू नये. खरी प्रगती पाहायची असेल तर काही ऋतू उलटल्यावर वळचणीजवळच्या एखाद्या उघड्या स्क्रूपाशी गुडघ्यांवर बसावे. गोल पाडलेले भोक लांबोळे झालेले असते, स्क्रूचे डोके एका अंगाला कललेले असते, रबरी वॉशरला बारीक भेगा गेलेल्या असतात, आणि त्याच्याखालून उताराच्या दिशेने गंजाची तांबूस रेघ निघालेली असते. पत्र्याने रोजच्या येरझाऱ्यांतून स्वतःपुरती करून घेतलेली ही वाट पाण्यालाही पुरते.

पहिला पत्रा लावताना छप्पर गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे तपासण्यात वेळ दवडू नये. पाख्याचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे भरतात का हे पाहणे, किंवा तीन-चार-पाचच्या मापाने कोपरा काटकोनात धरणे, ही कामे ज्यांचा स्वतःच्या नजरेवर विश्वास नाही त्यांची. नजरेने लावलेला पत्रा दर मीटरला ३ मिलिमीटर जरी तिरका गेला, तरी १० मीटर वर आढ्याशी तो ३० मिलिमीटर सरकलेला असतो, आणि पुढचा प्रत्येक पत्रा शिवणीने त्याच्याशी बांधलेला असल्यामुळे वडीलधाऱ्यांचाच कित्ता निष्ठेने गिरवतो. शेवटच्या पत्र्यापाशी पोहोचेपर्यंत वळचणीची कड करवतीच्या दातांसारखी झालेली असते. तिच्यापुढे एक रुंद पन्हळ लावली की खालून दिसत नाही.

उताराविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. खटक्याने बसणाऱ्या शिवणीसाठी दर चार फुटांना किमान एक फूट उतार असावा असे बहुतेक उत्पादक सांगतात आणि त्याहून सपाट छपरासाठी यंत्राने दुहेरी दुमडलेली शिवण सुचवतात. आपण जवळजवळ सपाट छपरावर खटक्याचीच शिवण घ्यावी, कारण यंत्राचे भाडे वाचते.

कापणीसाठी ग्राइंडर वापरावा. पत्रा कापण्याची कात्री किंवा निबलर शांतपणे काम करतात, आणि शांतपणे केलेले काम शेजाऱ्यांना कळत नाही. ग्राइंडरच्या उष्णतेने कापलेल्या कडेचा जस्ताचा थर आणि रंग दोन्ही जळतात, म्हणजे ज्या थराने कडेला गंजापासून वाचवायचे तोच आधी निघून जातो. शिवाय तापलेल्या ठिणग्या आजूबाजूच्या नव्या कोऱ्या रंगात रुतून बसतात आणि पहिल्या दमट रात्रीनंतर प्रत्येक कणाभोवती तांबडा ठिपका उमटतो. कचरा झाडून काढण्याचा मोह आवरावा.

धातूंच्या बाबतीत मात्र उदारमतवादी असावे. ॲल्युमिनियम, जस्तलेपित पोलाद आणि तांबे यांनी गुण्यागोविंदाने नांदावे, असा आग्रह धरून वरच्या पाख्याला तांब्याची पन्हळ आणि तिच्याखाली जस्ताचा पत्रा लावावा. तांब्यावरून ओघळणारे पाणी तांब्याचे अंश घेऊन खाली उतरते आणि जस्ताला खाऊ लागते. प्रत्यक्ष स्पर्शाचीही गरज पडत नाही. या प्रयोगाला प्रतिष्ठित पूर्वपरंपरा आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याचे कवच आणि लोखंडी पट्ट्या यांच्यामध्ये घातलेला थर कालांतराने निकामी झाला, लोखंड गंजत गेले, आणि १९८६ साली शताब्दीच्या सुमारास पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपले घर पुतळ्याएवढे उंच नसल्यामुळे आपल्याला शंभर वर्षे थांबावे लागणार नाही.

पत्र्याखालच्या अस्तराला उष्णता सोसवली पाहिजे, असे म्हणतात. तापलेल्या धातूखाली साधे डांबरी अस्तर मऊ होते आणि पत्र्याला चिकटते, ज्यामुळे पत्र्याच्या हालचालीला आणखी एक पायबंद बसतो; तेव्हा स्वस्तातले तेच निवडावे. पत्र्यावरची संरक्षक प्लॅस्टिक फिल्म काम संपल्यावर काढू असे म्हणून उन्हात राहू द्यावी. ती नंतर नखाएवढ्या तुकड्यांनी निघते आणि सुट्टीच्या दिवशी वेळ कसा घालवावा हा प्रश्न सुटतो.

आता सिलिकॉनकडे वळू, कारण या धंद्यातील सर्व पापांचे प्रायश्चित्त शेवटी त्याच नळीतून बाहेर पडते. पत्र्यांच्या जोडांत, दोन थरांच्या मध्ये, उन्हापासून लपवून ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी घालण्याची पद्धत आहे. ती दिसत नाही, त्यामुळे तिचे श्रेय मिळत नाही. त्याऐवजी व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन उघड्या जोडांवर जाड ओळीने फासावे. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो आणि सुकताना सुटणारे ते आम्ल जस्ताच्या थरावर काम सुरू करते. पुढे जोड हलतो, सिलिकॉनची एक कड सुटते, तिच्या आत पाणी साचते आणि बाहेर यायचे विसरते.

छप्पर गळू लागल्यावर ओल जिथे दिसते नेमके त्याच्या वर चढून आणखी सिलिकॉन लावावे. पाणी भोकातून आत आल्यावर अस्तरावरून आणि वाशांवरून बरेच अंतर चालून मग सोयीच्या ठिकाणी टपकते, त्यामुळे हा इलाज आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या पठडीतला ठरतो; पण वर कोणी तरी चढले आहे, हे पाहून घरातील माणसांना धीर येतो. चढताना कडक टाचांचे बूट घालावेत आणि पाय शिवणींवर ठेवावा.

एवढे करूनही एखादा पाखा कोरडा राहिलाच, तर त्यावर सौर पॅनेल बसवून घ्यावेत. शिवणीला भोक न पाडता चिमट्यासारखे धरणारे क्लॅम्प मिळतात, त्यांची चौकशी करू नये; पॅनेलचे पाय थेट पत्र्यातून फळीत घट्ट करावेत. त्यानंतरच्या गळतीचा दोष छप्परवाला सौरवाल्याला देईल आणि सौरवाला छप्परवाल्याला, आणि दोघांचेही म्हणणे खरे असेल. हमीपत्र वाचायचेच असेल तर ते या टप्प्यावर वाचावे. कोणकोणत्या गोष्टी केल्यास हमी रद्द होते याची त्यात तपशीलवार यादी असते आणि ती शांतपणे चाळल्यावर, आपण त्यातील एकही गोष्ट करायची राहू दिलेली नाही, याची खात्री पटते.