सर्वांत तरुण परमवीर कोण?

दर १६ डिसेंबरला एक मेसेज फिरतो: ‘अरुण खेतरपाल, आजवरचे सर्वांत तरुण परमवीरचक्र विजेते.’ त्यातलं ‘आजवरचे’ तेवढं चूक. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट खेतरपाल १९७१ साली बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले तेव्हा २१ वर्षांचे होते. रणगाडा पेटलेला, बाहेर पडण्याचा हुकूम आलेला. पण तोफ चालतेय म्हणून ते हटले नाहीत.

हा मान पुढे १९९९ साली १८ ग्रेनेडियर्स पलटणीच्या योगेंद्रसिंह यादवांकडे गेला. टायगर हिलवर लढले तेव्हा वय अवघं १९! त्यांचं परमवीरचक्र आधी मरणोत्तर जाहीर झालं होतं. नामसाधर्म्याचा घोळ, ते तर इस्पितळात उपचार घेत होते. त्यामुळे त्यांच्या फोटोखाली ‘शहीद’ लिहिणंही थांबवा.