नर्सिंगच्या मुलींना खोली देऊ नका म्हणे!

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय. मजकूर थोडक्यात असा: हॉस्पिटलात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या नाकात 'सुपरबग' असतो, त्यावर कुठलंच औषध चालत नाही, अशांना भाड्याने खोली देऊ नका, सणाला घरी आले तर लहान मुलांपासून लांब ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी खबरदारी म्हणून तीन दिवस अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घ्या. खाली 'एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला'. डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही.

'प्रत्येकाच्या नाकात' इथूनच गफलत सुरू होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण दर तीन-चार निरोगी माणसांमागे एकाच्या नाकात काही त्रास न देता राहतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्याच्या नाकातही असू शकतो. त्यातला मेथिसिलिनसारख्या अँटिबायोटिकांना दाद न देणारा प्रकार म्हणजे एमआरएसए, आणि तो ओळखायला तपासणी लागते. नाकपुडीत ओलसर स्वॅब फिरवायचा, मीठ आणि मॅनिटॉल ही साखर घातलेल्या, जंतू वाढवायच्या गुलाबी माध्यमावर ओढायचा. दुसऱ्या दिवशी वाढीभोवती माध्यम पिवळं पडलं तर संशय घ्यायचा. ओळख पक्की झाली की दुसऱ्या ताटलीवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची चकती ठेवायची आणि तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं: २२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर साधा जंतू, २१ किंवा कमी असेल तर एमआरएसए. विद्यार्थ्यांच्या अशा पाहण्यांत बहुतेक ठिकाणी साधा जंतू बऱ्याच जणांकडे निघतो, एमआरएसए त्यामानाने थोड्यांकडे. आणि नाकात जंतू असणं म्हणजे आजार नव्हे.

'कुठलंच औषध चालत नाही' हेही खोटं. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडले, हे खरं. पण एमआरएसएच्या गंभीर संसर्गावर व्हँकोमायसिन आहे, लिनेझोलिड आहे. साध्या गळवाला तर पुष्कळदा चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य उपचार.

आता मेसेजातला खरा भाग. वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं की असे जंतू अंगावर येण्याची शक्यता वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते पोचवतात मुख्यतः हात. गोव्यात वैद्यकीय शाळा १८४२ मध्ये सुरू झाली. तिला पाच वर्षं होत होती तेव्हा व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला कळलं, की शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या हातांवाटेच बाळंतिणींना जीवघेणा ताप येतोय. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बायका दगावत होत्या. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि जूनमध्ये आकडा दोनच्या आसपास आला. विद्यार्थ्यांना शहराबाहेर काढावं लागलं नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला जवळच्या सांताक्रूझमध्ये खोली नाकारून घरमालकाला काय मिळणार? ती राहिली काय न राहिली काय, कदंबाच्या सरकारी बसमधला दांडा सगळ्यांचा एकच. तिला विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की एप्रन घालून कँटीनमध्ये जातेस का, आणि वॉर्डात वापरलेला फोन पुसतेस का. इथे मात्र पुष्कळ विद्यार्थ्यांचे कान धरायला हवेत.

सगळ्यात घातक आहे ती शेवटची, सगळ्यांनी गोळ्या घेण्याची सूचना. औषधाविरुद्धचा प्रतिकार माणसाला येत नाही, जंतूला येतो. आणि गरज नसताना घेतलेली गोळी नेमक्या अशा प्रतिकार करणाऱ्या जंतूंना रान मोकळं करून देते. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन देऊन त्यांच्या घशातले जंतू तपासले होते. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले: त्या औषधाला दाद न देणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचं प्रमाण लगेच वाढलं आणि सहा महिन्यांनंतरही पूर्ववत झालं नव्हतं. म्हणजे मेसेज ज्याची भीती घालतो तेच घरबसल्या तयार करण्याची कृती सांगतो, आणि तीही आजी-नातवंडांसकट. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. तरी फार्मसीत 'तीनची स्ट्रिप द्या' म्हटलं की पुष्कळदा मिळते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. नाकातला जंतू घालवायची वेळ आलीच, म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियेआधी वगैरे, तर डॉक्टर सहसा नाकात लावायचं म्युपिरोसिनचं मलम पाच दिवस देतात. घरातल्या सगळ्यांना गोळ्या वाटत नाहीत.

घरात कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, कुणी डायलिसिसवर आहे, तर मुलीने वॉर्डातून आल्यावर हात साबणाने चाळीस ते साठ सेकंद धुवावेत, कपडे बदलावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. कुणाला गळू झालं तर झाकावं. पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना दाखवून पुवाचं कल्चर, म्हणजे त्यातल्या जंतूंची तपासणी, करून घ्यावं. लहान भाच्याला तिने उचलून घ्यायला काहीच हरकत नाही.